नळाचा गजर रात्री तीनदा वाजला, म्हणून लॅब बंद करू नका

सोलापुरातून एका वडिलांचं पत्र आलंय. मजकूर थोडक्यात असा:

"मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जॉबर आहे, माग दुरुस्त करतो. मुलगी आठवीत, सेमी इंग्रजीला. तिच्या शाळेत अटल टिंकरिंग लॅब आहे, मुलं हातानं वस्तू बनवून शिकतात ती. शाळा सुटल्यावर आठवड्यातून तीन दिवस सर मुलांना तिथं थांबवतात. आमच्या गल्लीत पाणी चार दिवसांआड येतं, तेही रात्री कधीही. बायको जागत बसते, म्हणून मुलीनं नळाला पाणी आलं की वाजणारा गजर बनवला. तो पहिल्याच रात्री पाणी नसताना तीनदा वाजला. सगळ्यांची झोपमोड झाली, मी रागावलो. महिन्याभरात त्याच्या तारा हिरव्या पडल्या. आता एका क्लासनं आठवीपासून जेईई-सीईटी फाउंडेशन घ्या म्हणून सांगितलंय. वर्षाला ४५ हजार, आणि वेळ नेमकी लॅबचीच. एक कंपनी शाळेबाहेर पत्रकं वाटून गेली, १२ हजारांत रोबोटिक्सचं किट आणि प्रमाणपत्र. पुढच्या वर्षी नववीला तांत्रिक विषय घेता येतो असंही कळलं. माझा भाऊ म्हणतो, पोरीच्या हातात स्क्रू ड्रायव्हर देऊन काय होणार, मार्क बघ. तिला इंजिनिअर व्हायचंय. मी काय करू?"

भाऊ, नमस्कार.

पैशाचं आणि वेळेचं बोलूच. पण आधी त्या गजराबद्दल बोलू द्या. तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर मला तिथंच दिसतंय.

गजर पाणी नसताना वाजला असं तुम्ही लिहिलंय. माझ्या मते तो बिघडला नव्हता. शाळेतली मुलं हा गजर करतात तेव्हा जोडणी साधारण ठरलेली असते. नळाच्या तोंडाशी दोन उघड्या तारा, पुढं बीसी ५४७ सारखा एक छोटा ट्रान्झिस्टर, एक बझर आणि नऊ व्होल्टची बॅटरी. दोन तारांमध्ये पाणी आलं की त्यातून अगदी किंचित प्रवाह जातो. ट्रान्झिस्टर तो वाढवतो आणि बझर वाजतो. आता तुमच्या घरचा नळ डोळ्यासमोर आणा. पाणी गेलं तरी नळ कोरडा होत नाही. पाइपात राहिलेलं पाणी थेंबाथेंबानं उतरत राहतं. त्यातला एखादा थेंब दोन तारांच्या मध्ये लोंबकळला की झालं. ट्रान्झिस्टरला थेंब काय आणि धार काय, दोन्ही सारखेच. त्याला जे सांगितलं होतं ते त्यानं रात्री तीनदा चोख केलं.

तुमच्या कारखान्यात आडवा धागा तुटलेला नसतानाही माग थांबतो, तेव्हा तुम्ही काय करता? माग भंगारात काढा असं मालकाला सांगत नाही. आडवा धागा तुटला की माग थांबवणारा वेफ्ट फोर्क कुठं अडकतोय, त्याची सेटिंग हलली का, धाग्याचा ताण कमी पडतोय का, ते बघता. खोटा इशारा का आला ते शोधता. तुमच्या लेकीला पहिल्याच रात्री नेमका तोच प्रश्न पडला होता. जे काम तुम्ही रोज पगार घेऊन करता, ते तिच्यासमोर आठवीत असताना आपण होऊन येऊन बसलं.

मग इलाज काय? तिला सांगू नका, तिच्याशी बोला. तारा एकमेकींपासून एवढ्या लांब नेल्या की थेंब दोघींना एकदम शिवणारच नाही, तर? तारा नळाला न बांधता खाली बादलीत दोन बोटं उंचीवर बसवल्या, तर? लॅबमध्ये आर्डुइनो बोर्ड असतो, म्हणजे प्रोग्रॅम लिहून चालवायचा छोटा सर्किट बोर्ड. त्यात सलग दहा सेकंद पाणी लागलं तरच वाजायचं, असं चार-पाच ओळींत लिहिता येतं. यातला कुठला उपाय स्वस्त, कुठला टिकाऊ, कुठला आईला रात्री अंधारात हाताळता येईल, हे तिला ठरवू द्या. त्या गजराची पहिली गिऱ्हाईक तिची आई आहे. गिऱ्हाइकाची तक्रार ऐकून वस्तू पुन्हा करणं, याच्याइतका चांगला धडा मला वर्कशॉपमध्ये मुलांना शिकवताना कधी देता आला नव्हता.

तारा हिरव्या पडल्या ही तर मला सगळ्यात आवडलेली ओळ. तांब्याच्या ताराच असणार. बॅटरीचा प्रवाह एकाच दिशेनं वाहतो, त्यामुळे पाण्यात असताना धन बाजूच्या तारेतलं तांबं हळूहळू सुटत जातं आणि त्याचे हिरवट क्षार जमतात. दोन्ही तारा बाहेर काढून शेजारी शेजारी ठेवा. एक जास्त खाल्लेली दिसेल. ती बॅटरीच्या कुठल्या टोकाला जोडली होती, ते मुलीला बघायला सांगा. पुस्तकात विद्युत अपघटन म्हणून धडा येतो, मुलं व्याख्या पाठ करतात आणि विसरतात. तुमच्या मुलीच्या हातात तो धडा आहे. तांब्याऐवजी स्टेनलेस स्टीलचे दोन स्क्रू लावले तर पुष्कळ फरक पडेल. आणखी पुढं जायचं असेल तर पाण्यात उघडी तार ठेवूच नये. थर्माकोलच्या तुकड्याला चुंबक लावायचं, ते पाण्याबरोबर वर आलं की बादलीबाहेरचा रीड स्विच, म्हणजे चुंबक जवळ आलं की चालू होणारं बटण, लागेल.

आता क्लासचं. माझं उत्तर स्पष्ट आहे: आठवीत ४५ हजारांचा फाउंडेशन घेऊ नका, आणि त्यासाठी लॅब तर मुळीच सोडू नका.

क्लासवाले जी भीती घालतात ती आधी नीट मोजून बघू. एमएचटी-सीईटी ही इंजिनिअरिंगची राज्याची प्रवेश परीक्षा. तिला गणिताचे ५० प्रश्न, प्रत्येकी २ गुण. भौतिक आणि रसायनचे ५०-५० प्रश्न, प्रत्येकी १ गुण. एकूण २०० गुण. अभ्यासक्रम अकरावी-बारावीचा, त्यात साधारण २० टक्के अकरावीचा आणि ८० टक्के बारावीचा. म्हणजे जी परीक्षा तुमची मुलगी चार वर्षांनी देणार, तिचा अभ्यासक्रम तिच्या शाळेत अजून तीन वर्षांनी सुरू होणार आहे. तिथं पोचेपर्यंत लागतं ते पक्कं बीजगणित, भूमिती, अपूर्णांक आणि गुणोत्तर. हे शाळेच्या पुस्तकातच आहे. कच्चं राहिलं असेल तर रोज पाऊण तास बसून ते पक्कं होतं. तुम्ही तिचे गणिताचे मार्क लिहिले नाहीत. समजा त्यात ती मागं पडत असेल, तर गल्लीतली चांगली शिकवणी लावा. त्याला ४५ हजार लागत नाहीत.

एक गोष्ट मात्र झाकून ठेवणार नाही. लॅबमधल्या कामाचा सीईटीत एक गुणही मिळत नाही. प्रवेशाच्या यादीत गजराला जागा नाही. लॅबला पाठवलं म्हणजे कॉलेज पक्कं, असं कुणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नका. दहावीनंतर तिला जोर लावून अभ्यास करावाच लागेल.

मग लॅबचा उपयोग काय? एक छोटं गणित दाखवते. आर्डुइनोच्या पाच व्होल्टवर लाल एलईडी लावायचा आहे. थेट लावला तर जळतो. एलईडीला साधारण दोन व्होल्ट लागतात, उरले तीन. प्रवाह १५ मिलीअँपियरच्या वर जाऊ द्यायचा नाही. ३ ला ०.०१५ नं भागा, आले २०० ओहम. दुकानात जवळचा मिळतो २२० ओहमचा, तोच लावायचा. हा ओहमचा नियम. नववीच्या विज्ञान पुस्तकात 'धाराविद्युत' या पाठात तो येतो. ज्या मुलीनं आठवीत दोन एलईडी जाळलेत, तिला नववीत तो पाठ वाचताना ओळखीचं माणूस भेटल्यासारखं होतं. शिकवण्याच्या सगळ्या वर्षांत हा फरक मी मुलांच्या चेहऱ्यावर बघितला आहे. सूत्र कशासाठी आहे ते कळलेलं मूल अकरावीत घाबरत नाही.

पण लॅब आहे म्हणजे चांगलीच असेल, असंही नाही. एकदा एका विज्ञान प्रदर्शनात मी परीक्षक होते. काळ्या रेषेवरून धावणारी एक सुंदर गाडी होती, पोरगं फाडफाड इंग्रजीत बोलत होतं. मी एक वायर काढली आणि म्हटलं, लाव आता. त्याला लावता येईना. डोळे भरून आले बिचाऱ्याचे. गाडी एका दुकानातून जुळवून आणलेली होती. चूक त्या पोराची नव्हती. मोठ्यांनी त्याला ढाल जिंकायला उभं केलं होतं. म्हणून तुम्ही एखाद्या दिवशी सुट्टी काढून लॅबमध्ये अर्धा तास नुसते उभे राहा. एका किटवर किती मुलं आहेत बघा. चार ठीक, दहा असली तर दोघं करतात आणि आठ जण बघतात. सोल्डरिंगची गन तुमच्या मुलीच्या हातात येते का, की मुली वहीच लिहितात? ३डी प्रिंटर चालू आहे की प्लॅस्टिकच्या कव्हरखाली पाहुण्यांसाठी ठेवलाय? आणि चुकलेली, जळलेली, अर्धवट राहिलेली कामं कुठं ठेवलेली दिसतात का? ज्या लॅबमध्ये सगळंच चकचकीत, तिथं मला शंका येते.

१२ हजारांच्या किटला सरळ नाही म्हणा. नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनमधून अशा प्रत्येक शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान मिळतं, आणि ते सहावी ते बारावीच्या मुलांसाठीच असतं. सेन्सर, मोटारी, बोर्ड हे सगळं त्यातून येतं. शाळेत जे तिच्या हक्काचं आहे ते घरी विकत कशाला आणायचं? फार वाटलं तर व्होल्ट आणि प्रवाह मोजणारा एक साधा मल्टिमीटर घेऊन द्या. तीन-चारशे रुपयांत येतो आणि वर्षानुवर्षं टिकतो.

नववीचा तांत्रिक विषय शाळा देत असेल तर घ्या. सहसा तो एका भाषेच्या जागी येतो. तेव्हा कुठला विषय सुटणार, आणि शिकवायला कायमचे शिक्षक आहेत का, एवढं मुख्याध्यापकांना विचारून घ्या. प्रात्यक्षिकाचे गुण असतात म्हणून घ्या असं कुणी सांगेल. माझं कारण वेगळं आहे. मुलांना मी पहिलं काम द्यायची ते लोखंडाच्या पट्टीचा तुकडा कानशीनं घासून चौकोनी करायचं. दिसायला सोपं. दोन दिवस घासल्यावर मूल म्हणतं, झालं. मग त्या कडेला काटकोन तपासायचा गुण्या लावायचा आणि दोन्ही खिडकीकडं धरायचे. फटीतून उजेड दिसला की तुकडा पुन्हा व्हाइसमध्ये घट्ट धरून घासायचा. तिथं बाईंची मर्जी चालत नाही, वशिला चालत नाही, पाठांतर चालत नाही. उजेड दिसतो किंवा दिसत नाही. एकदा ज्या मुलानं तो उजेड बंद केला, त्याला आपलं काम आपण तपासायची सवय लागते. पुढं इंजिनिअर होवो, नर्स होवो की दुकान घालो.

तुमच्या भावाचं म्हणणं मी मनावर घेतलंय, कारण ते मी स्वतः ऐकलंय. मी ज्या शाळेत शिकले तिथं वर्कशॉप होतं. मुलींना आत घ्यायचे, पण व्हाइसपाशी जाऊ द्यायचे नाहीत. मुलं घासायची आणि आम्ही त्यांच्या जर्नलमध्ये आकृत्या काढून द्यायचो. आमचं अक्षर चांगलं म्हणे. कानस माझ्या हातात पहिल्यांदा आली ती डिप्लोमाला, वयाच्या सतराव्या वर्षी. वर्गातल्या मुलांपेक्षा माझा हात दोन वर्षं मागं होता. ती दोन वर्षं भरून काढताना मी किती रडले हे घरी कुणाला सांगितलं नाही. पुढं त्याच कामावर माझं सगळं आयुष्य उभं राहिलं. तुमच्या भावाला हे वाचून दाखवा. तुमच्या घरात कुणी असं बोललं की मुलगी लगेच काही म्हणत नाही, पण ऐकते.

आणि तुमच्या हातातलं काम तिनं बघितलंय का कधी? मागावर नक्षी पाडणाऱ्या जेकार्डच्या पुठ्ठ्यांची माळ वरून फिरते, भोक असलं की तो धागा उचलायचा, नसलं की नाही. १८०४ साली फ्रान्समध्ये जेकार्डनं हे यंत्र केलं, आणि भोक आहे की नाही यावर हुकूम लिहायची हीच रीत पुढं कॉम्प्युटरच्या पहिल्या पिढ्यांनी पंच कार्डात वापरली. चादरीवरचा मोर म्हणजे एक लिहिलेला प्रोग्रॅमच आहे. हे तिला लॅबमधले सर सांगतील त्यापेक्षा तुम्ही जास्त चांगलं दाखवू शकता. मालकांना विचारून सुट्टीच्या दिवशी, मेन स्विच पाडून, वेणी वर बांधून, ओढणी घरी ठेवून तिला घेऊन जा. धोटा हातात द्या. फणी दाखवा. काम करायला लावू नका, फक्त बघू द्या आणि विचारू द्या. तिला पडलेल्या एखाद्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला आलं नाही तर तसं सांगा. बाप 'मला माहीत नाही, बघू या' म्हणतो, हे मुलांनी ऐकायला हवं.

पुणे जिल्ह्यात पाबळ नावाचं गाव आहे. १९८३ मध्ये डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी तिथं विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेत मागं पडलेली पोरं तिथं वेल्डिंग, बांधकाम, शेती, वायरिंग असं काम करत शिकायची, आणि काम गावातल्या खऱ्या माणसासाठी असायचं. फॅब लॅब म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या यंत्रांनी वस्तू बनवायची कार्यशाळा. अमेरिकेतल्या एमआयटीबाहेरची पहिली फॅब लॅब २००२ मध्ये निघाली ती त्याच गावात. इंजिनिअरिंग पुण्या-मुंबईच्या पोरांचं, असं वाटेल तेव्हा पाबळ आठवा.

गजर सुधारला की शाळेमार्फत इन्स्पायर-मानक या शाळकरी मुलांच्या नव्या कल्पनांसाठीच्या सरकारी योजनेला कल्पना पाठवा. निवड झाली तर मॉडेल करायला १० हजार रुपये थेट मुलाच्या खात्यावर येतात. शाळेला मोजक्याच कल्पना पाठवता येतात, म्हणून विज्ञानाच्या बाईंना वेळेत सांगा. नुसता 'पाण्याचा गजर' म्हणून पाठवलात तर कुणी बघणार नाही, असे शेकड्यानं येतात. 'थेंबाला फसत नाही असा गजर' म्हणून पाठवा, आणि त्या रात्रीची हकिगत जशीच्या तशी लिहू द्या तिला.

डिप्लोमा की अकरावी, हे आज ठरवायची गरज नाही. दहावीच्या गुणांवर तीन वर्षांचा डिप्लोमा होतो आणि त्यानंतर सीईटी न देता डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. हाताला काम आवडणाऱ्या मुलीला ती वाट छान आहे. आपल्या सोलापुरात शासकीय तंत्रनिकेतनही आहे. दहावीत असताना तिला घेऊन एकदा तिथलं वर्कशॉप बघून या. फीची काळजी असेल तर हेही लक्षात ठेवा: २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी गटातल्या, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना शासकीय प्रवेश प्रक्रियेतून घेतलेल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला आधीच काढून ठेवा, ऐन जूनमध्ये सेतू कार्यालयात रांगा लागतात. क्लासचे वाचलेले पैसे तिच्या नावानं ठेवा. अकरावीत खरंच क्लास लागला तर तेव्हा ते कामी येतील.

आठवड्याचा बेत मी असा करीन: तीन दिवस लॅब, रोज पाऊण तास गणित, आणि रविवारी काही नाही. रविवारी पोरीला खेळू दे, झोपू दे. परीक्षेच्या आधीचे पंधरा दिवस लॅब बंद, त्यावर तिनं रुसायचं नाही.

राहिलं एक. तुम्ही त्या रात्री रागावलात. दिवसभर उभं राहून आलेला माणूस मध्यरात्री तीनदा उठला तर रागावणारच, मला समजतं. पण तिला अजून वाटत असेल की आपल्यामुळं घराची झोप गेली. या वेळच्या पाण्याच्या पाळीला तुम्ही दोघं मिळून जागा. टॉर्च आणि वही घेऊन नळापाशी बसा, थेंब कुठं साचतो ते बघा, घड्याळ लावून मोजा. तिच्या आईला त्या रात्री झोपू द्या. आणि हिरव्या तारा टाकून दिल्या नसतील तर कुठली जास्त खाल्ली होती, ते मला नक्की कळवा.